विदर्भाच्या उन्हात ड्रेडलॉक्स: वळायचे कसे, सांभाळायचे कसे

ड्रेडलॉक्स म्हणजे भाग पाडून मुद्दाम वळलेल्या जटा. धुणं-विंचरणं सुटल्यावर होणारी जट वेगळी. तिचा एकच गठ्ठा बनतो, खालची कातडी दिसत नाही, आत मळ आणि उवा साठतात. गावात कोणी ‘देवीची जट आहे, कापू नको’ म्हणून घाबरवलं तर घाबरू नका. दोन्ही केसच आहेत, केव्हाही कापता येतात.

केस किमान 6 इंच हवेत. आदल्या दिवशी शाम्पूने धुवा. तेल, कंडिशनर लावू नका, निसरड्या केसांत गुंता धरत नाही. फणीच्या टोकाने अडीच सेंटिमीटरचे चौकोन पाडा. ओळी विटांच्या बांधकामासारख्या सरकवून घ्या, म्हणजे मधली कातडी पट्ट्यासारखी दिसत नाही. एकेक बट टोकाला ताणून धरा आणि बारीक फणीने केस उलटे, मुळाकडे दाबत न्या. सुरुवात मुळाजवळून करा आणि असं थोडं थोडं करत टोकापर्यंत या. मग 0.75 मिलिमीटरच्या क्रोशाच्या सुईने सुटे केस आत ओढा. इथे घाई केली की केस तुटतात आणि जट मधूनच बारीक पडते. अख्खा दिवस मोकळा ठेवा, सोबतीला एक माणूस घ्या.

मेण किंवा व्हॅसलीन लावू नका. ते आतून निघत नाही, वर वावरातली धूळ धरून ठेवतं.

पहिले दोन आठवडे धुऊ नका, नंतर आठवड्यातून एकदा धुवा. आपल्याकडे खरी अडचण पाण्याची. पूर्णा नदीच्या खारपाणपट्ट्यात, म्हणजे जमिनीखालचं पाणी खारट असलेल्या अकोला-अमरावती-बुलडाण्याकडच्या भागात, बोअरच्या जड पाण्यात साबणाची साय जमते आणि जटेत पांढरा थर बसतो. म्हणून साबण नकोच. शाम्पू पाण्यात पातळ करून फक्त कातडीवर चोळा, शेवटी एक लिटर पाण्यात एक मोठा चमचा व्हिनेगर घालून डोक्यावरून ओता, मग साध्या पाण्याने धुवा. साठवलेलं पावसाचं पाणी मिळालं तर उत्तम.

वाळवणं धुण्याहून महत्त्वाचं. जट आतून ओली राहिली की बुरशी धरते आणि कुबट वास सुटतो, तो मग जाता जात नाही. पावसाळ्यात सकाळी धुवा, टॉवेलने पिळून काढा, पंख्यासमोर बसा. ओल्या केसांवर दुपट्टा किंवा हेल्मेट चढवू नका. उन्हाळ्यात घाम येतो, तेव्हा संध्याकाळी नुसत्या पाण्याने कातडी धुतली तरी चालते.

केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतात, म्हणून मुळं सैल होतात. महिना-दीड महिन्यातून एकदाच वळा. वळल्यावर डोकं ठणकलं तर ते जास्त घट्ट झालं. असंच चालू ठेवलं तर कपाळाकडचे केस विरळ होतात. झडणारे केस जटेतच अडकून राहतात, त्याने ती जाड होते. पक्की व्हायला वर्ष-दीड वर्ष लागतं.

कापूस वेचायला जाताना मात्र डोकं पूर्ण झाका. पराटीतला तंतू जटेत एकदा गुंतला की चिमट्याने उचलूनही सगळा निघत नाही.