नेट बंद व्हायच्या आदल्या दिवशी

"ताई, रेंज आहे, नेट आहे, पण काहीच उघडत नाहीये."

हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की माझा उलट प्रश्न ठरलेला असतो: काहीच म्हणजे नक्की काय? मी बरीच वर्षं नेटवर्क सांभाळायची नोकरी केली, आता कार्यकर्त्यांना आणि पत्रकारांना नेटवरची बंदी ओलांडायला शिकवते. प्रत्येकाला माझ्याकडून एका ॲपचं नाव हवं असतं. एकच नाव सांगणं मी सोडून दिलंय, कारण बंदीच्या तऱ्हा निरनिराळ्या आणि एकीवरचा उतारा दुसरीला चालत नाही.

म्हणून आधी पाच मिनिटं तपासा. एकच साइट अडलीय की सगळ्या? दुसऱ्या कंपनीच्या सिमवर उघडते का? घरच्या वायफायवर? मेसेज जातो पण फोटो गोल गोल फिरत राहतो, असं असेल तर साइट बंद नाही, वेग आवळलाय. साइटच्या जागी भलतंच पान येतं किंवा असा पत्ताच नाही म्हणून सांगतात, तर बहुधा डीएनएसमध्ये, म्हणजे साइटच्या नावावरून तिचा पत्ता सांगणाऱ्या यंत्रणेत, गडबड आहे. आणि ओळखीच्या सगळ्यांचं सगळंच मेलेलं असेल, तर हा लेख वाचायची वेळ टळून गेलीय. म्हणून तो आज वाचा.

डीएनएसची बंदी सर्वांत आळशी. तुम्ही साइटचं नाव टाकता, फोन तुमच्या कंपनीच्या डीएनएसला तिचा आकडी पत्ता विचारतो आणि कंपनी सरकारी हुकमाप्रमाणे खोटा पत्ता देते. उपाय सोपा: पत्ता दुसऱ्या कुणाला तरी विचारा. अँड्रॉइड ९ पासून पुढच्या फोनमध्ये नेटवर्कच्या सेटिंगमध्ये 'प्रायव्हेट डीएनएस' असतं. तिथे गूगलच्या किंवा क्लाउडफ्लेअरच्या डीएनएसचं नाव टाकलं की विचारणा बंद पाकिटातून जाते. पण यावर विसंबू नका. मार्च २०१४ मध्ये तुर्कस्तानात ट्विटर बंद झालं, तेव्हा लोकांनी भिंतींवर रंगाने ८.८.८.८ लिहून ठेवलं होतं. तो गूगलच्या डीएनएसचा पत्ता. आठवडाभर मजेत चाललं, आणि मग तिथल्या कंपन्यांनी त्या पत्त्याकडे जाणारी वाहतूकच स्वतःच्या सर्व्हरकडे वळवली. लोक ८.८.८.८ ला विचारत होते, उत्तर भलताच देत होता.

त्यावरची पायरी साइटच्या नावावरून अडवायची. ब्राउझरमध्ये कुलुपाचं चिन्ह दिसतं म्हणजे सगळं झाकलेलं, असा गैरसमज असतो. पत्र झाकलेलं असतं, पाकिटावरचं नाव नाही. जोडणी सुरू होताना ब्राउझर कोणत्या साइटकडे निघालाय ते बहुतेक वेळा उघडपणे सांगतो. कंपनीकडे बसवलेलं यंत्र तेवढंच वाचतं आणि धागा तोडतं. इथे डीएनएस बदलून काही होत नाही, व्हीपीएन लागतं.

व्हीपीएनबद्दल मी थोडी चिडकी आहे. शिबिरात कुणीतरी फोन पुढे करतं आणि त्यात पाच फुकट व्हीपीएन असतात, एकाचाही मालक कोण ते त्याला माहीत नसतं. व्हीपीएन म्हणजे तुमची सगळी वाहतूक तुम्ही एका कंपनीच्या डोळ्यांखालून काढून दुसऱ्या कंपनीच्या डोळ्यांखाली नेता, इतकंच. पैसे घेत नाही तो दुसरं काहीतरी घेत असू शकतो. शिवाय वायरगार्ड आणि ओपनव्हीपीएन या नेहमीच्या पद्धतींची धाटणी चटकन ओळखू येते. आत काय आहे ते यंत्राला वाचता आलं नाही तरी 'हे व्हीपीएन आहे' एवढं कळतं, आणि तोडायला तेवढं पुरे. दडपशाहीच्या काळात उपयोगी पडतात ती रूप बदलणारी साधनं. सायफन हे ॲप फुकट आहे, एक पद्धत अडली की आपणहून दुसरी पकडतं; ऑगस्ट २०२० मध्ये बेलारूसच्या निवडणुकीनंतर तीन दिवस नेट जवळजवळ मेलेलं होतं, तेव्हा ज्या फटी उरल्या त्यातून लोक सायफननेच बाहेर पडत होते. परदेशात भरवशाचा मित्र असेल तर त्याला भाड्याच्या सर्व्हरवर आउटलाइन, म्हणजे स्वतःचं व्हीपीएन उभारायचं साधन, बसवायला सांगा. त्याची चावी (जोडणीची लिंक) दहा-वीस माणसांपुरतीच ठेवा. हजारोंनी वापरलेला सर्व्हर लवकर डोळ्यात येतो.

हे रूप बदलणं का चालतं ते समजून घ्या, मग नवीन साधन आलं तरी त्याची पारख तुम्हालाच करता येईल. २०१८ च्या एप्रिलमध्ये रशियाने टेलिग्राम बंद करायला घेतलं. टेलिग्राम मोठ्या क्लाउड कंपन्यांच्या पत्त्यांआड सरकत राहिलं, सरकार ते पत्ते अडवत सुटलं, आणि अडवलेल्या पत्त्यांचा आकडा दीड कोटीच्या वर गेला. सुक्याबरोबर ओलं जळालं: टेलिग्रामशी संबंध नसलेली दुकानं आणि सेवा कोलमडल्या, टेलिग्राम मात्र चालू राहिलं. जून २०२० मध्ये बंदी उठवावी लागली. जे बंद करणं सरकारला महाग पडतं, त्याच्या आडोशाला उभं राहायचं, सगळ्या युक्त्यांचं मूळ हेच. अर्थात आडोसा देणाऱ्यालाही ते परवडावं लागतं. एप्रिल २०१८ मध्येच गूगल आणि ॲमेझॉनने आपल्या नावाआड दुसऱ्याची वाहतूक लपवायची सोय बंद केली आणि कित्येक साधनं एका रात्रीत लंगडी झाली.

टॉर म्हणजे तुमची वाहतूक स्वयंसेवकांच्या अनेक सर्व्हरमधून फिरवून नेणारं फुकट जाळं. त्यातलं स्नोफ्लेक माझं लाडकं आहे. नुसतं टॉर अडवणं सोपं, कारण त्याच्या सर्व्हरची यादी जाहीर असते. रशियाने डिसेंबर २०२१ मध्ये तेच केलं. म्हणून 'ब्रिज' लागतात, यादीत नसलेली दारं. ओबीएफएस४ जातीचा ब्रिज वाहतुकीला अर्थहीन गोंगाटाचं रूप देतो. स्नोफ्लेक तिला व्हिडिओ कॉलचं रूप देतं, आणि दार म्हणून उभा असतो दुसऱ्या देशातल्या कुणा सामान्य माणसाचा ब्राउझर. दारं मिनिटामिनिटाला उघडतात, मिटतात. अडवणार कुणाकुणाला? माझ्याही ब्राउझरच्या कोपऱ्यात ते विस्तार-बटण आहे. कुणी माझ्यातून जात असलं की चिन्ह रंग बदलतं, दाबलं की गेल्या २४ तासांत किती जणांना मदत झाली तो आकडा दिसतो. कोण होते, काय वाचलं, ते मला कळत नाही आणि कळूही नये. तुमच्याकडे नेट मोकळं असेल तर हे बसवायला दोन मिनिटं लागतात, करण्यासारखं आहे.

वापरायचं कसं? टॉर ब्राउझर उघडल्यावर सरळ जोडलं गेलं नाही, तर जोडणीच्या सेटिंगमध्ये ब्रिज निवडा, आधी स्नोफ्लेक, मग ओबीएफएस४. ब्रिजचा पत्ता त्याच पानावरून मागता येतो, टॉरच्या टेलिग्राम बॉटकडून किंवा जीमेलवरून ईमेल पाठवूनही मिळतो. टॉर हळू चालतं, त्याला घाबरू नका. आणि आवृत्ती ताजी ठेवा, ही पोकळ सूचना नाही. ऑक्टोबर २०२२ मध्ये इराणमध्ये स्नोफ्लेक एकाएकी आपटलं. जोडणी सुरू करतानाचा त्याचा 'नमस्कार' खऱ्या ब्राउझरसारखा नव्हता, तेवढ्या फरकावरून ते पकडलं गेलं. दुरुस्ती लवकर निघाली, पण ती ज्याच्या फोनवर पोहोचली त्याचंच भलं झालं.

सिग्नल हे मेसेजचं ॲप अडलं तर व्हीपीएनआधी त्याच्या स्वतःच्या सोयी बघा. प्रायव्हसीच्या प्रगत सेटिंगमध्ये सेन्सॉरशिप टाळायचा पर्याय आहे, आणि 'डेटा आणि स्टोरेज'मध्ये प्रॉक्सी टाकता येतो. प्रॉक्सी म्हणजे कुणा स्वयंसेवकाचा मधला सर्व्हर, तो जोडायला एक लिंक मिळते. ती चारचौघांत पोस्ट करू नका, खाजगीत द्या. जाहीर झालेली लिंक सरकारी माणूसही वाचतो.

आता पूर्ण अंधार. २८ जानेवारी २०११ ला इजिप्तने जवळजवळ सगळं नेट तोडलं, २ फेब्रुवारीपर्यंत. लँडलाइन मात्र जिवंत होत्या. फ्रान्समधल्या एका स्वयंसेवी नेटसेवेने डायलअपचा नंबर खुला केला, लोकांनी जुने मोडेम काढून त्यावर जोडणी केली. गूगल आणि ट्विटरने आवाजी निरोपाचा नंबर दिला. फोनवर बोला, ते ट्विट व्हायचं. आज घरात मोडेम सापडणार नाही, पण आधी प्रश्न तोच विचारायचा: काय जिवंत राहिलंय? नोव्हेंबर २०१९ मध्ये इराणने बाहेरचं नेट जवळपास आठवडाभर तोडलं, देशांतर्गत जाळं मात्र चालू ठेवलं. अशा वेळी बाहेरच्या सर्व्हरवरचं व्हीपीएन निरुपयोगी, आणि चालू राहिलेली देशी ॲप सरकारच्या नजरेखालची. साधे कॉल आणि एसएमएस चालले तर वापरा, पण ते ऐकले-वाचले जातात असं धरूनच. आधी ठरलेले दोन-तीन निरुपद्रवी शब्द पुरतात. 'आजी बरी आहे' म्हणजे सगळे सुखरूप, असं.

जवळच्या जवळ ब्रायर हे निरोपाचं ॲप चालतं. ब्लूटूथ आणि वायफायवरून फोन ते फोन, मध्ये सर्व्हर नाही. टप्पा खोली-दोन खोल्यांचा, त्यामुळे शहरभर निरोप जातील अशी आशा धरू नका. २०१९ मध्ये हाँगकाँगच्या निदर्शनांत ब्रिजफाय हे असंच फोन ते फोन चालणारं ॲप गाजलं. पुढच्याच वर्षी लंडनच्या रॉयल हॉलोवेच्या संशोधकांनी दाखवलं की त्यातले निरोप वाचता येतात आणि कोण कुणाशी बोलतंय तेही कळतं. गाजलेलं म्हणजे तपासलेलं नव्हे. सॅटेलाइट नेटबद्दल थोडक्यात: अँटेना आभाळाकडे उघडी ठेवावी लागते, म्हणजे ती शेजाऱ्यालाही दिसते. बाकी मेमरी कार्ड खिशातून नेणं अजून कुणी बंद करू शकलेलं नाही.

माझी एक चूक सांगते. एका गटाला मी दोन तास बसवून सगळं समजावलं, पडद्यावर दाखवलं, टाळ्या मिळाल्या. चार दिवसांनी बंदी आली आणि बारा जणांपैकी एकाच्याही फोनवर टॉर नव्हतं. 'घरी जाऊन टाकतो' म्हणाले होते. प्ले स्टोअर आणि टॉरची साइट दोन्ही अडलेल्या. तेव्हापासून आधी ॲप टाकणं, मग बोलणं. इन्स्टॉल करायच्या फाइली आणि ऑफलाइन नकाशा एका मेमरी कार्डवर ठेवा, त्याच्या दोन प्रती काढा, दुसरी दुसऱ्याच्या घरी. अडीअडचणीला उपयोगी येतील ते पाच फोन नंबर कागदावर लिहा. पाठ झाले तर उत्तमच.

आणि फोन हातात पकडला गेला तर? बंदी ओलांडण्यापेक्षा ही शक्यता मला जास्त छळते. म्यानमारमध्ये २०२१ च्या सत्तापालटानंतर रस्त्यात फोन उघडायला लावून व्हीपीएन शोधले गेले. काश्मीरमध्ये फेब्रुवारी २०२० मध्ये व्हीपीएनवरून सोशल मीडिया वापरणाऱ्यांवर पोलिसांनी गुन्हा नोंदवला. म्हणून तुमच्याकडचा कायदा वकिलाला आधी विचारा. मोर्चाला निघताना बोटाच्या ठशाने उघडणं बंद करा, लांब पिन ठेवा, निरोप आपोआप पुसले जातील असं लावा. जमल्यास तो फोन घरी ठेवून रिकामा न्या. बंदीची नोंद करायला ऊनी प्रोब हे ॲप चांगलं आहे, पण ते अडवलेल्या साइटींना मुद्दाम धक्के देतं आणि ते तुमच्या कंपनीला दिसतं. ज्याच्यावर आधीच नजर आहे त्याने ते चालवू नये.

आता मी प्रत्येक शिबिराच्या शेवटी राउटर बंद करते, सगळ्यांना मोबाइल डेटा बंद करायला लावते आणि म्हणते, शेजारच्या खोलीतल्या माणसाला निरोप पाठवा. गेल्या वेळी नऊ जणांकडे ब्रायर होतं, पण एकमेकांचे संपर्क जोडलेले कुणाचेच नव्हते. ते समोरासमोर क्यूआर कोड दाखवून जोडावे लागतात, नाहीतर लिंक पाठवायला नेट लागतं. मग सगळे उठले, फोन एकमेकांसमोर धरले, आणि मी घड्याळ लावून बसले. नवव्या माणसापर्यंत यायला बावीस मिनिटं लागली.