पॉलिग्राफ लावण्याआधी

एकवीस वर्षं पॉलिग्राफ, म्हणजे लोक ज्याला ‘खोटं पकडणारं यंत्र’ म्हणतात ते, हाताळलं, म्हणून नव्या पोरांना सांगते. आधी संमतीचा कागद बघा. सेल्वी खटल्यात सुप्रीम कोर्टाने २०१० साली सक्तीची चाचणी घटनाबाह्य ठरवली. संमती मॅजिस्ट्रेटसमोर नोंदवलेली हवी. नसेल तर तपास अधिकाऱ्याला चहा पाजून परत पाठवा.

मग विचारा, झोप झाली का, जेवलात का, गोळ्या कसल्या चालू आहेत. रात्रभर कोठडीत जागलेल्याचा आलेख काढून काय कळणार?

छातीला-पोटाला श्वासाच्या नळ्या, दंडाला रक्तदाबाचा पट्टा, दोन बोटांना घाम टिपणारे इलेक्ट्रोड. पट्टा फार वेळ फुगलेला ठेवू नका, हात बधिर होतो.

सगळे प्रश्न आधीच वाचून दाखवा. अचानक विचारलं तर निरपराधही दचकतो. उत्तर फक्त हो किंवा नाही, आणि पुढच्या प्रश्नाआधी वीस-पंचवीस सेकंद गप्प बसा. नवख्यांना हेच जमत नाही.

यंत्र खोटं पकडत नाही हो, धडधड पकडतं! एका बाईचा आलेख नवऱ्याचं नाव आलं की उसळायचा. चोरीशी तिचा संबंधच नव्हता, मार खायची घरी. म्हणून अहवालात ‘खोटं बोलली’ लिहू नका. कुठल्या प्रश्नाला काय बदललं, तेवढंच लिहा.