घरून काम करताना कंबर धरते? या चुका टाळा

कंबर दुखायला लागली की पहिला संशय खुर्चीवर जातो. मग महागडी ऑफिस चेअर घरी येते आणि महिनाभराने दुखणं तिथंच असतं. खुर्ची आरामशीर झाली म्हणून माणूस उलट तासभर जास्त बसतो! मणक्यांमधल्या चकत्यांना थेट रक्तपुरवठा जवळजवळ नसतोच. त्यांच्यावरचा दाब कमी-जास्त होत राहिला, म्हणजे आपण हललो, की त्यांच्या पोषणाला मदत होते. त्यामुळे खुर्ची कोणतीही असो, अर्ध्या-पाऊण तासाने उठा. फोन उभ्याने घ्या. टेबलावर मोठी बाटली न ठेवता छोटा ग्लास ठेवा, पाण्यासाठी तरी उठणं होईल.

पलंग आणि सोफा कामासाठी नकोच. तिथे माणूस घसरत घसरत माकडहाडावर बसतो आणि कमरेचा नैसर्गिक बाक सपाट होतो. जेवणाचं टेबल बरं. पाठीमागे, पँटच्या पट्ट्याच्या उंचीला, टॉवेलची गुंडाळी ठेवा. पाय लोंबकळत असतील तर खाली पाट घ्या. लॅपटॉप जाडजूड पुस्तकांवर चढवा आणि कीबोर्ड-माउस वेगळे घ्या. नाहीतर पडद्याकडे वाकता वाकता मानेबरोबर कंबरही पुढे जाते.

आता सहसा कुणाच्या लक्षात न येणारी चूक. दोन तासांची मीटिंग संपते न संपते तोच दारात सिलिंडरवाला. आपण उठतो आणि वाकून सिलिंडर उचलतो. घरगुती सिलिंडरमध्ये गॅस १४.२ किलोचा, पण टाकीसकट वजन ३० किलोच्या आसपास भरतं. बराच वेळ पोक काढून बसल्यावर पाठीचे अस्थिबंध (हाडांना एकमेकांशी जोडणारे पट्टे, म्हणजे लिगामेंट) काही काळ सैलावलेले असतात; उसण भरायला एवढं पुरे. दोन-तीन मिनिटं घरात फिरा, मग हात लावा. शक्यतो उचलूच नका, आत सरकवून घ्या. सकाळी उठल्या उठल्या भरलेली बादली उचलणंही तसंच: रात्रभरात चकत्या पाणी शोषून फुगलेल्या असतात. तासाभराने ते काम करा.

कंबर धरलीच, तर आठवडाभर अंथरुणात पडून राहू नका. सोसेल तेवढं चालणं-फिरणं चालू ठेवलं तर लवकर बरं वाटतं. पट्टा दिवसभर बांधून ठेवायचीही गरज नसते. आणि लगेच एमआरआयकडे धावू नका. काहीच दुखत नसलेल्या अनेकांच्या एमआरआयमध्येही चकती फुगलेली दिसते आणि रिपोर्ट वाचूनच माणूस घाबरतो. साधी कंबरदुखी बहुतेकांची काही आठवड्यांत ओसरते.

मात्र लघवी किंवा शौचावरचा ताबा सुटला, जांघेत बधिरपणा आला किंवा पायातली ताकद गेली, तर बाम चोळत बसू नका. त्याच दिवशी रुग्णालय गाठा. सोबत ताप असेल, वजन विनाकारण घटत असेल किंवा पडल्यानंतर दुखणं सुरू झालं असेल, तरीही घरगुती उपायांत वेळ न घालवता डॉक्टरांना दाखवा.