घटस्फोटाच्या दाव्यासाठी आर्थिक कागदपत्रं कशी जमवाल?

पोटगीचा अर्ज न्यायालयासमोर आला की पहिले प्रश्न पैशांचे असतात. कमाई किती, खर्च किती, नावावर काय काय आहे? रजनीश विरुद्ध नेहा या खटल्यात ४ नोव्हेंबर २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने ठरवून दिलं की पोटगीच्या प्रत्येक प्रकरणात दोन्ही बाजूंनी आपलं उत्पन्न, मालमत्ता आणि देणी यांचं प्रतिज्ञापत्र द्यायचं. म्हणजे नवऱ्याला सगळं लिहून द्यावंच लागतं. पण त्याने पगार कमी दाखवला किंवा जमीन लपवली, तर ते दाखवून द्यायला तुमच्या हाती कागद हवा. घरातले पैशाचे व्यवहार ज्यांना कधी कळूच दिले नाहीत, त्या बायकांना इथेच धडकी भरते. हा लेख मुख्यतः त्यांच्यासाठी आहे. पुरुषांनाही पायऱ्या याच.

आधी स्वतःच्या नावावरचं

तुमचं आधार, पॅन, शिक्षणाची प्रमाणपत्रं, विवाह नोंदणीचा दाखला, मुलांचे जन्मदाखले, स्वतःची पासबुकं हे सगळं माहेरी किंवा विश्वासाच्या माणसाकडे ठेवा. घरातले बाकीचे समाईक कागद, म्हणजे गृहकर्जाचं पत्र, सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट, विम्याच्या पावत्या, यांचे मोबाइलवर स्वच्छ फोटो काढा आणि मूळ कागद जागेवर राहू द्या.

खातं संयुक्त असेल तर बँकेकडून उतारा मागायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. निदान तीन वर्षांचा घ्या. स्वतःचा सिबिल अहवाल, म्हणजे तुमच्या नावावरच्या कर्जांची नोंद, वर्षातून एकदा फुकट मिळतो, तोही काढा. ‘इथे सही कर’ म्हटल्यावर न वाचता सही केली आणि कर्जाला सहकर्जदार किंवा जामीनदार झाला असाल, तर ते त्यात दिसतं. आयकराच्या पोर्टलवर तुमच्या पॅनखाली वार्षिक माहिती विवरण असतं. बायकोच्या नावावर ठेवी किंवा म्युच्युअल फंड घेऊन तिला न सांगणारे नवरे कमी नाहीत. त्या ठेवींचं व्याज तिथे दिसू शकतं.

बँकेचा उतारा ओळीओळीने वाचा

उताऱ्यातली शिल्लक पाहून थांबू नका. दर महिन्याला ठरावीक तारखेला आपोआप कापली जाणारी रक्कम शोधा. तिच्यासमोर एनएसीएच किंवा ईसीएस असं लिहिलेलं असतं आणि पुढे बहुधा घेणाऱ्या संस्थेचं नाव. त्यावरून विम्याचा हप्ता, एसआयपी (म्युच्युअल फंडाचा मासिक हप्ता), गाडीचं कर्ज हे सगळं उलगडतं. पगार जमा होतो त्या ओळीत कंपनीचं नाव असतं. दिवाळीच्या सुमारास जमा झालेला बोनस वेगळा लिहून काढा. वाद सुरू झाल्यानंतर दीर किंवा सासूच्या खात्यात मोठी रक्कम गेली असेल, तर त्या ओळीला खूण करा.

जमीन आणि घर

सातबारा कुणालाही पाहता येतो. महाभूलेख या सरकारी संकेतस्थळावर जिल्हा, तालुका, गाव निवडून खातेदाराच्या आडनावानेही शोध घेता येतो, त्यामुळे गट नंबर माहीत नसला तरी अडत नाही. ‘इतर अधिकार’ या रकान्यात बँकेच्या किंवा पतपुरवठा सोसायटीच्या कर्जाचा बोजा असतो. त्याहून मोलाचा असतो फेरफार, म्हणजे मालकी बदलल्याची नोंद. जमीन वारसाहक्काने आली, विकत घेतली की भावाला बक्षीसपत्राने दिली, हे तारखेसकट तिथे असतं. शहरात सातबाराऐवजी मालमत्ता पत्रक पाहा. फ्लॅटसाठी नोंदणी विभागाच्या ई-शोधमधून इंडेक्स टू काढा. घेणारा, विकणारा, किंमत, नोंदणीची तारीख सगळं त्यावर असतं.

मात्र आपल्याकडे लग्न झालं म्हणून नवऱ्याच्या मालमत्तेत आपोआप अर्धा वाटा मिळत नाही. त्याची ऐपत सिद्ध करून पोटगी ठरवायला हे उतारे लागतात.

नवरा धंद्यात असेल तर

पगारदार माणसाचा फॉर्म १६, म्हणजे कंपनीने दिलेला पगार आणि कापलेल्या कराचा दाखला, असतो, धंदेवाल्याचं विवरणपत्र अनेकदा खरं चित्र दाखवत नाही. अशा वेळी राहणीमान बोलतं. शाळेच्या फीच्या पावत्या, गाडीचा हप्ता, क्लबची वर्गणी, सहलींची तिकिटं हे सगळं जोडा. वर्षाला चार लाख कमावतो म्हणणारा माणूस मुलाची दीड लाख फी आणि महिना पंचवीस हजारांचा हप्ता कशातून भरतो, हा प्रश्न वकील त्यावरूनच विचारतात. तो कंपनीचा संचालक असेल तर कंपनी मंत्रालयाच्या संकेतस्थळावर नाव सापडतं.

स्त्रीधन

माहेरून आणि सासरहून मिळालेले दागिने, भेटवस्तू, रोकड यांची यादी करा. स्त्रीधनावर हक्क फक्त तुमचा. सराफाच्या पावत्या मिळतील तेवढ्या आईवडिलांकडून घ्या, त्याच सराफाकडे जुनी नोंद आहे का विचारा. लग्नाचे फोटो नीट पाहा. पाटल्या, तोडे, राणीहार कुठल्या फोटोत दिसतात ते यादीत त्या-त्या दागिन्यासमोर लिहा. दागिने सध्या कुणाच्या लॉकरमध्ये आहेत, तेही.

हे करू नका

नवऱ्याचा पासवर्ड वापरून त्याच्या नेटबँकिंगमध्ये किंवा ईमेलमध्ये शिरू नका. माहिती तंत्रज्ञान कायद्याखाली तो गुन्हा ठरू शकतो आणि चांगली केस त्यात अडकते. हाती न लागणारे कागद वकिलामार्फत न्यायालयाकडून मागवता येतात. बँकेला किंवा नवरा नोकरी करतो त्या कंपनीला समन्स काढता येतं. मोबाइलमधले संदेश, ईमेल पुरावा म्हणून द्यायचे तर भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चं, इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठीचं प्रमाणपत्र लागतं, म्हणून मूळ फोन विकू नका, संदेश पुसू नका.

स्वतःची कमाईही लपवू नका. शिकवण्या घेत असाल, डबे करत असाल तर लिहा. प्रतिज्ञापत्र तुमचंही असतं, आणि खोटं निघालं तर कारवाई दोघांवरही होऊ शकते.

शेवटी महिन्याचा खर्च लिहून काढा. भाडं, किराणा, औषधं, मुलांची रिक्षा, क्लास. सगळे कागद तारखेप्रमाणे लावून वर एक यादी ठेवा. वकिलाची फी परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. तिथे स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. आणि फाइल पूर्ण होईपर्यंत अर्ज थांबवू नका. रजनीश विरुद्ध नेहा या निकालानुसार पोटगी अर्जाच्या तारखेपासून धरली जाते. राहिलेले कागद नंतरही परवानगी घेऊन दाखल करता येतात.