मोहल्ला कमिटी बसवायची तर गटारापासून सुरुवात करा

तुमच्या वस्तीत दोन धर्मांची माणसं शेजारी राहतात आणि सध्या सगळं शांत आहे? मग कमिटी बसवायला हीच वेळ. दगड सुरू झाल्यावर जमवलेल्या शांतता सभेत लोक एकमेकांच्या डोळ्यांत बघत नाहीत.

मी भिवंडीची. १९७०ची दंगल घरात ऐकत वाढले, १९८४ची स्वतः पाहिली, तेव्हा सातवीत होते. १९८८मध्ये पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी इथे मोहल्ला कमिट्या सुरू केल्या, म्हणजे दोन्ही धर्मांचे रहिवासी आणि पोलीस नेमाने एकत्र बसायचे. मागाच्या सुताच्या कांड्या भरणारे माझे वडील आमच्या कमिटीत होते. बाबरी मशीद पाडल्यावर १९९२-९३मध्ये मुंबईत दोनदा दंगल झाली, श्रीकृष्ण आयोगाने ९०० मृत्यू नोंदवले. जवळच असलेली भिवंडी मात्र शांत राहिली. वडील गेल्यावर कमिटीच्या बैठकीत सतरंजीवर त्यांच्या जागी मी बसू लागले.

माणसं निवडताना पुढारी आणि निवडणुकीचं तिकीट मागणारे बाजूला ठेवा. दूधवाला, रिक्षावाला, शिलाई करणारी, मागावरचा कामगार, दिवसभर गल्लीत असणारी माणसं घ्या. दोन्हीकडची सारखीच. बायका हव्यातच, म्हणून बैठकीची वेळ नळाचं पाणी आणि नमाज बघून ठरवा. तुमच्या भागाचा, म्हणजे बीटचा, हवालदार दर बैठकीला यावा आणि त्यानेही सतरंजीवरच बसावं.

पहिल्या बैठकीत भाईचाऱ्याचं भाषण नको. आमच्याकडे गटार तुंबलं होतं, घाण पाणी दोन्हीकडच्या उंबऱ्यात शिरत होतं. पालिकेत तीन खेपा घातल्या, चौघांनी मिळून. त्या खेपांत, बाकावर ताटकळताना, कमिटीतल्या पलीकडच्या चाचीने मला १९८४मध्ये तिचं दुकान कसं जळालं ते सांगितलं. मी तिला माझ्या मामाचं सांगितलं. असं कुणी बोलू लागलं की 'झालं गेलं विसरा' म्हणू नका. ऐका. कुणाकडे जास्त दुःख आहे याचा हिशेब तर मुळीच मांडू नका.

सगळ्यात जास्त मेहनत अफवेवर घ्या. आमच्यात जोड्या आहेत: प्रत्येकाकडे पलीकडच्या एका माणसाचा नंबर, आणि रात्री कधीही फोन करायची मुभा. दोन वर्षांपूर्वी रात्री साडेदहाला मोबाइलवर आलं, 'त्यांनी आपल्या पोराला मारलं.' नाक्यावर पोरं जमू लागली. मी चाचीला फोन लावला. ती म्हणाली, "रुक, मैं नीचे जाके देखती." दहा मिनिटांत कळलं, दोन मोटारसायकली धडकल्या होत्या आणि दोन्ही पोरं एकाच दवाखान्यात पट्टी बांधून घेत होती. मग चाचीचा आणि माझा आवाज एकाच ध्वनिसंदेशात रेकॉर्ड करून दोन्हीकडच्या ग्रुपवर टाकला. एकटीचा आवाज पुरला नसता. तिच्या लोकांना माझा आणि माझ्या लोकांना तिचा ऐकू येणं गरजेचं होतं. संदेश आला की तीनच प्रश्न विचारा: कुणी पाहिलं, कुठे, किती वाजता. 'मला पुढून आलं' हे उत्तर धरू नका.

सणांचं कॅलेंडर दोन महिने आधी उघडा. २०२३मध्ये अनंत चतुर्दशी आणि ईद-ए-मिलाद दोन्ही २८ सप्टेंबरला आले, तेव्हा मुंबईत मुस्लिमांनी जुलूस दुसऱ्या दिवशी काढला. असं आयत्या वेळी जमत नाही. मिरवणूक कुठून, ढोल कुठे थांबणार, पाणी कोण देणार, सगळं वहीत लिहून दोन्हीकडच्या सह्या घ्या. मंडळाच्या पोरांना त्या बैठकीला बोलवाच, त्यांना वगळून ठरवलेलं रस्त्यावर टिकत नाही.

एखाद्या बैठकीला चारच जण येतील. तरी घ्या, आणि पुढची तारीख ठरल्याशिवाय उठू नका. आमची पुढची येत्या रविवारी, पाणी येऊन गेल्यावर. विषय: मशिदीच्या कोपऱ्यावरचा बंद दिवा.