पोर्टेबल लायब्ररी लिहिताना आणि सांभाळताना

सी भाषेतली एक लहान, पोर्टेबल (म्हणजे वेगवेगळ्या यंत्रांवर सारखीच चालणारी) मुक्तस्रोत लायब्ररी, म्हणजे इतर प्रोग्रामांना वापरता येणारा तयार कोड, मी बरीच वर्षे सांभाळत आहे. सेन्सरने नोंदवलेल्या मोजमापांच्या फाईली वाचणे एवढेच तिचे काम आहे. या कामात नव्याने येणारे विद्यार्थी बहुधा पहिला प्रश्न विचारतात तो कोडपासून प्रोग्राम तयार करणाऱ्या साधनाचा, म्हणजे बिल्ड सिस्टीमचा: सीमेक घ्यावे की मेसन? यांपैकी तुमच्या वापरकर्त्यांना जे सवयीचे असेल ते घ्यावे आणि पुढे जावे. खरा वेळ द्यावा तो लायब्ररीतली फंक्शने आणि प्रकार वापरकर्त्यांपुढे मांडणाऱ्या हेडर फाईलला, कारण तिच्यात एकदा जे उघड झाले त्यावर लोकांचे प्रोग्राम उभे राहतात आणि मग ते बदलणे जवळजवळ अशक्य होते.

उदाहरण म्हणून 'लाँग' (long) हा पूर्णांकाचा साधा प्रकार घ्या. ६४-बिट लिनक्सवर तो ८ बाइटांचा असतो, तर ६४-बिट विंडोजवर ४ बाइटांचाच. फाईलमधील स्थान दाखवण्यासाठी हेडरमध्ये तो वापरला, तर २ जीबीच्या पुढची फाईल एका ठिकाणी व्यवस्थित वाचली जाते आणि दुसरीकडे नाही. म्हणून जिथे आकाराला महत्त्व आहे तिथे निश्चित रुंदीचे, म्हणजे प्रत्येक यंत्रावर तेवढ्याच बाइटांचे, प्रकारच वापरावेत. 'चार' (char) हा अक्षरांसाठीचा प्रकारही असाच फसवा आहे: एक्स८६ वरील लिनक्समध्ये तो चिन्हासहित (उणे संख्याही मावणारा), तर एआरएमवरील लिनक्समध्ये चिन्हरहित धरला जातो, त्यामुळे त्याची उणे एकशी केलेली तुलना एका यंत्रावर खरी ठरते आणि दुसऱ्यावर कधीच ठरत नाही.

फाईलमधले बाइट थेट स्ट्रक्चरवर (अनेक फील्ड एकत्र ठेवणाऱ्या सी-च्या प्रकारावर) बसवण्याचा मोह तर प्रत्येकालाच होतो, पण बाइटांचा क्रम, स्ट्रक्चरमधली रिकामी जागा आणि मेमरीतील अलाइनमेंट (माहिती कोणत्या पत्त्यांवर ठेवता येते) या तिन्ही गोष्टी यंत्रागणिक बदलू शकतात. फाईलचा बाइटक्रम स्वतः ठरवून एकेक बाइट उचलून संख्या जुळवणारा कोड लांबट दिसतो खरा, पण तो सगळीकडे सारखाच चालतो. एसक्यूलाइट या डेटाबेस लायब्ररीने आपल्या फाईलीतील मथळ्याच्या संख्यांसाठी बिग-एंडियन (सर्वांत मोठ्या किमतीचा बाइट आधी) क्रम कायमचा ठरवून ठेवला आहे, म्हणूनच तिची डेटाबेस फाईल एका प्रोसेसरवरून दुसऱ्यावर जशीच्या तशी नेता येते.

पोर्टेबिलिटीचा प्रश्न प्रोसेसरपाशी संपत नाही. जर्मन लोकेल (भाषा-प्रदेशानुसार संख्या लिहिण्याची मांडणी) लावलेल्या संगणकावर ३.१४ ही नोंद ३ म्हणून वाचली जाते, अशी एक तक्रार आमच्याकडे आली होती. सी-च्या प्रमाणित लायब्ररीतले दशांश संख्या वाचणारे फंक्शन चालू लोकेलप्रमाणे स्वल्पविरामाची वाट पाहते आणि टिंब दिसताच थांबते. त्यात त्रुटी अशी काहीच नोंदवली जात नाही. लायब्ररीने लोकेल तात्पुरते बदलावे, असा उपाय काहींनी सुचवला. तो मी स्वीकारला नाही, कारण लोकेल संपूर्ण प्रक्रियेला लागू होते आणि त्याच क्षणी दुसरा थ्रेड (त्याच प्रोग्रामचा समांतर चालणारा भाग) रक्कम छापत असेल तर त्याचे काम बिघडते. लायब्ररी दुसऱ्याच्या प्रोग्राममध्ये पाहुणी असते. घरमालकाची व्यवस्था तिने बदलू नये. संख्या वाचणारा छोटा कोड आम्ही स्वतः लिहिला.

मेमरीचेही तसेच आहे. विंडोजवर लायब्ररी आणि प्रोग्राम वेगवेगळ्या सी-रनटाइमशी (सी-ची मूलभूत फंक्शने पुरवणाऱ्या भागाशी) जोडलेले असू शकतात, आणि एकाने घेतलेली मेमरी दुसऱ्याने मोकळी केली की प्रोग्राम कोसळू शकतो. म्हणून मेमरी मोकळी करण्याचे फंक्शन लायब्ररीनेच द्यावे. स्ट्रक्चरचा आतला तपशील हेडरमध्ये न मांडता वापरकर्त्याला फक्त पॉइंटर (त्याचा मेमरीतील पत्ता) द्यावा, म्हणजे उद्या त्यात एखादे फील्ड वाढवले तरी आधीच कंपाइल झालेले प्रोग्राम मोडत नाहीत. ऑक्टोबर २००६ मधील ७.१६.० या आवृत्तीनंतर लिबकर्ल या नेटवर्कवरून माहिती आणणाऱ्या लायब्ररीने आपला एबीआय, म्हणजे कंपाइल झालेले प्रोग्राम लायब्ररीशी ज्या मांडणीने जोडले जातात ती, मोडलेला नाही. इतकी वर्षे ही शिस्त पाळणे मला कोणत्याही नव्या सुविधेपेक्षा मोठे काम वाटते.

सांभाळण्याची दुसरी बाजू माणसांची आहे. मार्च २०२४ मध्ये एक्सझेड युटिल्स या फाईली आकुंचित करणाऱ्या मुक्तस्रोत साधनाच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत चोरवाट सापडली. दीर्घकाळ मदत करून विश्वास कमावलेल्या सह-मेंटेनरच्या (प्रकल्प सांभाळणाऱ्या साथीदाराच्या) खात्यातून ती आली होती, आणि तिला चालना देणारा बिल्ड स्क्रिप्टचा भाग सार्वजनिक रिपॉझिटरीत (कोडच्या भांडारात) नसून फक्त रिलीजच्या संग्रहात होता. एकट्या, थकलेल्या मेंटेनरवर सारा भार असला की असे घडायला वाव मिळतो. म्हणून रिलीजचा संग्रह रिपॉझिटरीतून कोणालाही तसाच तयार करता आला पाहिजे, आणि बिल्ड स्क्रिप्टमधले बदलही मूळ कोडइतक्याच बारकाईने तपासले गेले पाहिजेत.

नवख्याला इथे लगेच हातभार लावता येतो. दुसऱ्या प्रोसेसरची नक्कल करणारे क्यूईएमयू वापरून एस३९०एक्ससारख्या बिग-एंडियन यंत्रणेवर, किंवा मसल ही वेगळी सी-लायब्ररी वापरणाऱ्या अल्पाइन लिनक्सवर, एखाद्या लायब्ररीच्या चाचण्या चालवून पाहा. चाचणी फसली तर कंपायलरची आवृत्ती, वापरलेले पर्याय आणि चूक दाखवणारी शक्य तितकी लहान फाईल यांसह कळवा. अशी नोंद आली की मी हातातले काम बाजूला ठेवून आधी ती वाचतो.