बडोद्यात कमी खर्चात गोल्फची पहिली फेरी कशी खेळावी

लक्ष्मी विलास राजवाड्याच्या आवारातील गोल्फचे मैदान १९३० च्या दशकात महाराज प्रतापसिंहरावांनी आपल्या युरोपीय पाहुण्यांसाठी तयार करून घेतले आणि रणजी क्रिकेट खेळलेल्या समरजितसिंह गायकवाड यांनी १९९० च्या दशकात त्याची नव्याने आखणी करून ते लोकांसाठी खुले केले. तरीही दांडिया बाजार किंवा राजमहाल रोडवर वाढलेल्या बऱ्याच मराठी मंडळींनी हे मैदान मोतीबागेत क्रिकेट पाहायला जाता-येता लांबूनच पाहिलेले असते. दिल्लीच्या कुतुब मैदानासारखी सार्वजनिक मालकीची मैदाने आपल्या देशात मोजकीच असल्यामुळे, सभासद नसलेल्या माणसाला ठरावीक ग्रीन फी भरून एका फेरीपुरते खेळू देणारे मैदान हेच आपल्यासाठी सार्वजनिक मैदान समजावे. ही फेरी परवडेल की नाही, हे आपण कोणत्या दिवशी जातो, किती होल (पहिल्या फटक्यापासून चेंडू खड्ड्यात जाईपर्यंतचा एकेक टप्पा) खेळतो आणि किती सामान नेतो यांवर अवलंबून असते.

जाण्यापूर्वी मैदानाच्या कार्यालयात फोन करून पाहुण्यांसाठीची ग्रीन फी, आठवड्यातील कामकाजाच्या दिवसाचा दर, नऊ होलांचा वेगळा दर, काठ्यांचा संच भाड्याने मिळतो का आणि कॅडीचे (बॅग वाहून सल्ला देणाऱ्या मदतनिसाचे) पैसे कोणाकडे द्यायचे, एवढे विचारून घ्यावे. त्या दिवशी एखादी स्पर्धा असेल तर मैदान बाहेरच्यांसाठी बंद असू शकते, म्हणून तेही विचारावे. सुरुवातीला नऊच होल खेळावेत, असे माझे स्पष्ट मत आहे. अठरा होलांना साधारण चार ते साडेचार तास लागतात आणि नवख्या माणसाचे शेवटचे सहा होल बहुधा थकव्यातच वाया जातात. नोव्हेंबर ते फेब्रुवारीतील सकाळ उत्तम. मे महिन्यात खेळायचेच असेल तर सूर्य वर येण्याआधी पहिला फटका मारलेला असावा. बहुतेक क्लबांत कॉलरचा शर्ट आवश्यक असतो आणि जीन्स चालत नाही. बूट मात्र साधे, सपाट तळाचे असले तरी सहसा चालतात.

नियमानुसार बॅगेत जास्तीत जास्त चौदा काठ्या नेता येतात, पण त्या नेल्याच पाहिजेत असे नाही. लांब फटक्यांसाठी एक हायब्रिड, मधल्या अंतरासाठी सात आणि नऊ क्रमांकाच्या आयर्न, वाळूतून चेंडू काढायला एक सँड वेज आणि होलजवळ चेंडू लोळवायला पटर, इतक्यावर पहिले वर्ष सहज निघते. ड्रायव्हर ही सर्वांत लांब फटक्याची काठी घरी ठेवल्याने तर हरवणारे चेंडूही कमी होतात. नवे महागडे चेंडू घेऊ नयेत. झाडीत सापडलेले जुने चेंडू कॅडींकडे स्वस्तात मिळतात आणि आपल्या दर्जाच्या फटक्याला त्यांनी काहीही फरक पडत नाही.

सरावाचे पैसेही विचारपूर्वक खर्चावेत. प्रत्येक होलचा पार (तो पूर्ण करण्यासाठी अपेक्षित फटके) ठरवताना ग्रीनवरचे, म्हणजे होलभोवतीच्या बारीक कापलेल्या हिरवळीवरचे, पटरने मारायचे दोन फटके (पट) गृहीत धरलेले असतात, म्हणजे पार ७२ च्या मैदानावर ३६ फटके केवळ पटरचे असतात. तरीही नवखा माणूस सरावाच्या रेंजवर चेंडूंच्या बादलीमागून बादली लांब फटके मारत बसतो. त्यापेक्षा फेरीआधी अर्धा तास पटिंगच्या सरावाला द्यावा.

मैदानावर आपले स्वागत होईल की नाही, हे खेळाच्या दर्जापेक्षा वेगावर ठरते. आपली पाळी आल्यावर चाळीस सेकंदांत फटका मारावा, अशी नियमावलीची शिफारस आहे आणि जो तयार असेल त्याने आधी मारावे, याला आता नियमांचीच अनुमती आहे. मात्र पुढचा गट टप्प्याबाहेर जाईपर्यंत थांबावे आणि चेंडू कोणाच्या दिशेने गेला तर लाज न बाळगता मोठ्याने ‘फोर!’ (सावध!) ओरडावे. मागचा गट ताटकळत असेल तर त्याला पुढे जाऊ द्यावे. हरवलेला चेंडू शोधायला तीनच मिनिटे मिळतात. तो सापडणार नाही असे वाटले तर पुढे जाण्यापूर्वीच ‘प्रोव्हिजनल’ (तात्पुरता) असे सांगून दुसरा चेंडू खेळून ठेवावा, म्हणजे मागे परतण्याची पायपीट वाचते.

पांढऱ्या खुंट्या म्हणजे मैदानाची हद्द. त्यापलीकडे चेंडू गेला तर एक फटक्याचा दंड आणि पुन्हा मूळ जागेवरून खेळ. लाल आणि पिवळ्या खुंट्या पाण्यासारख्या अडचणीच्या जागा दाखवतात. तेथून चेंडू आहे तसा खेळता येतो, किंवा एक दंड घेऊन बाहेर गुडघ्याच्या उंचीवरून सोडता येतो. चेंडूजवळ साप किंवा मधमाश्यांचे पोळे असेल तर नियम १६.२ नुसार धोकादायक प्राण्यापासून विनादंड सूट मिळते. ज्या शहरातल्या विश्वामित्री नदीत मगरी आहेत, तेथे हा नियम पाठ असलेला बरा! पाण्याच्या काठावर वाकून चेंडू काढण्याचा मोह तर मुळीच धरू नये.

बंकरमधून (वाळूच्या खड्ड्यातून) बाहेर पडल्यावर आपल्या पावलांचे ठसे दाताळ्याने सारखे करावेत आणि ग्रीनवर चेंडू पडून झालेला खड्डा बुजवावा. दुसऱ्याचा चेंडू आणि होल यांमधल्या रेषेवर पाय देऊ नये. झेंडा होलमध्येच ठेवून पट करण्यास २०१९ पासून हरकत नाही. होल पूर्ण होताच ग्रीन रिकामे करून गुण पुढच्या टीवर (पुढचा होल सुरू होतो त्या जागी) लिहावेत.

गुण मोजण्यासाठी नवख्याला प्रत्येक होलचे वेगळे गुण देणारी स्टेबलफर्ड पद्धत सोयीची पडते. २०२० पासून लागू झालेल्या जागतिक हँडिकॅप (खेळाडूच्या दर्जानुसार मिळणारी फटक्यांची सवलत) पद्धतीत कमाल हँडिकॅप ५४ आहे, म्हणजे ढोबळमानाने प्रत्येक होलवर तीन फटक्यांची सवलत. अधिकृत हँडिकॅप नसला तरी स्वतःपुरता हाच हिशेब धरावा: पार चारच्या होलवर सात फटके झाले तर दोन गुण, आठ झाले तर एक, आणि आठव्या फटक्यातही चेंडू होलमध्ये गेला नाही तर तो निमूटपणे उचलून खिशात टाकावा. यामुळे एका वाईट होलने सगळी फेरी बिघडत नाही आणि मागच्यांचा खोळंबाही होत नाही.

कॅडीच्या पैशांत मात्र काटकसर करू नये. ग्रीनचा उतार, पाण्यापर्यंतचे अंतर आणि कोणती काठी काढू नये, हे तोच सांगू शकतो. १९९१ साली इंडियन ओपन जिंकलेले अली शेर हे दिल्लीत कॅडी म्हणूनच या खेळात आले होते. कॅडीला काय द्यायचे ते फेरीआधीच ठरवावे, सुटे पैसे जवळ ठेवावेत, आणि तोच कॅडी पुढच्या वेळीही हवा असेल तर त्याचे नाव निघण्यापूर्वी कार्यालयात नोंदवून ठेवावे.